जिन्यातलं कपाट

डहाणूकडे जमीन हादरते, ते मोजायला यंत्रं बसवली आहेत असं टीव्हीवर सांगतात. बसवोत. आमच्या फुलपाड्याच्या इमारतीत हादरा कळायला यंत्र लागत नाही, मांडणीवरची भांडी वाजतात. मागे एकदा दुपारी वाजली, तेव्हा सगळी इमारत धडाधडा जिना उतरून पळाली. मी पळाले नाही. माझा नवरा अर्धांगवायूने खाटेवर पडून आहे आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

मग सोसायटीला जाग आली. रविवारी भूकंपाची रंगीत तालीम ठरली. सेक्रेटरी दारात येऊन म्हणाला, "आजी, तुम्ही वरच थांबा. आजोबांना कशाला त्रास? तालीमच तर आहे."

"आणि खरंच हललं तर?"

"तेव्हा बघू ना."

शिटी वाजली. मंडळी हसत खिदळत उतरली, गेटाजवळ उभी राहिली, फोटो काढले. सेक्रेटरीने माईकवर सांगितलं, सगळे रहिवासी सुखरूप बाहेर आले. माझं डोकंच फिरलं. गॅलरीतून ओरडले, "आम्ही दोघं काय मेलो? वर या आणि ह्यांना खाली न्या!"

लाजेकाजेस्तव चौघे आले. नवऱ्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, माझ्या जुन्या साडीने बांधलं आणि उचललं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची अडकली. तिथे चेअरमनचं चपलांचं कपाट. खुर्ची पुढे जाईना.

"आजी, परत वर नेऊ या."

"ठेवा खाली. कपाट हलेपर्यंत हे इथेच बसतील." मीही पायरीवर बसले.

चेअरमनची बायको दारात आली. "काकी, घरात जागा असती तर बाहेर ठेवलं असतं का?"

"मग एक कर. चपला तरी आत घे, नाहीतर ह्यांना तरी."

नवरा वाकड्या तोंडाने म्हणाला, "चहा देणार असतील तर मी जातो आत."

सगळे हसले. मी नाही हसले. शेवटी कपाट आत गेलं. नवरा खाली पोचला तेव्हा गेटाजवळ कुणी नव्हतं. सुखरूप मंडळींचे फोटो केव्हाच ग्रुपवर पडले होते.

आठवड्याभरात त्याच वळणावर चेअरमनच्या कुंड्या आल्या. मी एकेक ओढत नेली आणि त्यांच्याच सेफ्टी डोअरला चिकटवून लावली. ते दार बाहेरच्या बाजूला उघडतं. थोड्या वेळाने आतून धक्के बसायला लागले. "काकी, अहो काकी, बाहेर कसं यायचं आम्ही?"

"बघू ना," म्हटलं आणि जिना चढले.