हेडलाइटच्या बल्बचं पत्रक

शीळ रस्त्यावर संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला माझ्या गाडीचा उजवा हेडलाइट गेला. डावा आदल्या दिवशीच गेलेला. समोर डंपर, कडेला गटारासाठी खणलेला खड्डा, आणि मी स्टिअरिंग धरून आंधळी. करकचून ब्रेक मारला. मागच्याने आईवरून शिवी दिली. गाडी रांगत रांगत कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

एका दिव्यावर गाडी बाहेर काढली ही माझी चूक होती. पण त्या वेळी मला दुसऱ्याचीच चूक दिसत होती.

दोन महिन्यांत गेलेली ही दुसरी जोडी. दोन्ही कोपर स्टेशनजवळच्या एकाच दुकानातून आणलेल्या. दुकानदार पन्नाशीचा, कोकणातला, स्पेअर पार्टच्या गाळ्यात एकटाच बसणारा. पहिली जोडी पंधरा दिवसांत गेली तेव्हा त्याने कुरकुर न करता बदलून दिली. वर बजावलं, "मॅडम, काचेला बोट लावायचं नाही हां. बोटाचं तेल लागलं की काच तिथेच जास्त तापते, बल्ब टिकत नाही. खालचा पत्रा धरायचा."

मी तसंच केलं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी माझ्याकडे आहे आणि साध्या कामाला मेकॅनिककडे जायचं नाही, हे मी ठरवलेलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडायचं, मागची वायर ओढून काढायची, रबरी टोपी काढायची, तारेची क्लिप दाबून सोडवायची. जुना बल्ब बाहेर, नवा आत. डावीकडे बॅटरी आडवी येते, मनगट सोलवटतं. दोन्ही बल्ब मी धुतलेल्या रुमालात धरून बसवले होते. काचेला माझं बोट लागलेलं नाही, हे मी कुठेही छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. म्हणजे मालच नकली. दुसरं काय असणार?

मी पत्रकं लिहिते. दिवा स्टेशनजवळची पाणीटंचाई, माजिवड्याचे गायब झालेले फुटपाथ, उघडी गटारं. पत्रकाचं एक तंत्र असतं. पहिल्या ओळीत भीती, दुसरीत दोषी, तिसरीत काय करायचं ते. घरी पोचले आणि जेवायच्या आधी लिहून काढलं: "मरण विकत मिळेल! कोपर स्टेशनकडून तिसऱ्या गाळ्यात नकली बल्ब. ग्राहकांनो, पाठ फिरवा!" दुकानाचं नाव मुद्दाम टाकलं नाही. तिसरा गाळा म्हटल्यावर नाव लागतं कशाला?

त्याला एकदा जाऊन विचारलं का? नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानासमोरच्या रिक्षा स्टँडवर पत्रकं वाटली, सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. गठ्ठा तासाभरात संपला. एक पिकल्या मिशांचे रिक्षावाले काका म्हणाले, "बरं केलंत ताई. कुणीतरी बोलायलाच हवं होतं." मी तरंगतच घरी आले. मग महिनाभर कामं निघत गेली, गाडी पार्किंगमध्ये धूळ खात पडली.

तिसरी जोडी माजिवड्याच्या मोठ्या दुकानातून आणली. सीलबंद डबा, पक्कं बिल. शनिवारी आणून चपलांच्या रॅकवर ठेवली. रविवारी सकाळी चहासाठी स्वयंपाकघरात गेले आणि दारातच थिजले.

देवांसमोर पाटावर माझे दोन्ही बल्ब. आईने खोबरेल तेलात बोट बुडवलं, एका बल्बच्या काचेला टेकवलं आणि त्यावर कुंकू लावलं.

"आई! काय करतेयस?"

"सकाळी सकाळी ओरडू नकोस. गाडीची वस्तू आहे. कोरी तशीच लावायची नसते."

"पण काचेला? आणि तेल कशाला?"

"तेलाशिवाय कुंकू राहील का? आणि काचेला नाही तर कुठे? खालचा पत्रा म्हणजे त्याचे पाय झाले. पायाला कुणी कुंकू लावतं?"

"आधीच्या दोन जोड्यांना?"

"लावलं की. टायरला लावलं, बॅटरीला लावलं, बल्बने काय पाप केलंय?"

"मग मला दिसलं कसं नाही?"

"पुसून डब्यात ठेवायचे ना, पदराने. तुला दिसलं की तू भाषण ठोकतेस. अंधश्रद्धा न् काय काय. कोण ऐकणार?"

पदराने पुसलेलं तेल. काचभर पसरलेलं, डोळ्यांना न दिसणारं. त्यावर मी धुतलेला रुमाल धरत होते. मी ओटा धरून उभी राहिले. आईवर चिडणार तरी कशी? माझ्या तोंडाच्या भीतीने ती हे लपून करत होती. "काचेला तेल लागलं की बल्ब जातो, आई," एवढंच म्हणाले.

बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "मग त्या दुकानवाल्याचं काय?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "त्याचा काहीच दोष नव्हता? अगं, माणसाला एकदा विचारायचं तरी!"

चहा न घेता कोपरला गेले. पाहते तर गाळ्याच्या मधोमध प्लायवूडची भिंत. अर्ध्यात कुणीतरी मोबाइलची कव्हरं टांगलेली. उरलेल्या अर्ध्यात तो बसलेला.

"काका, ते पत्रक..."

"तुमचं. ठाऊक आहे. बल्ब परत करायला दुसरं कोण आलं होतं?"

मी सगळं सांगितलं. तेल, कुंकू, पदर. तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही.

"माझं दुकान रिक्षावाल्यांवर चालायचं," तो म्हणाला. "आता समोर उभे राहतात पण इथे पाय ठेवत नाहीत. महिनाअखेरपर्यंत बघणार, नाहीतर हा अर्धापण सोडून गावी."

"मी माफी मागते, काका."

"गाळ्यात नको. गाळ्यात आहे कोण ऐकायला?"

"नवीन पत्रक काढते."

"काढा. आधी गाडी आणा. माझेच बल्ब लावा, इथे रस्त्यावर. बघू देत सगळ्यांना."

तासाभराने गाडी त्याच्या दारात लावून बॉनेट उघडलं. त्याने नवी जोडी हातात दिली आणि मदतीला न येता पायरीवर जाऊन बसला. घरी दहा मिनिटांत होणारं काम. तिथे क्लिप तीनदा हातातून निसटली. स्टँडवरून माणसं बघत होती. ते मिशावाले काका रस्ता ओलांडून आले.

"काय ताई, इथलेच बल्ब? मरण विकत घेतलंत की काय?"

दोघं-तिघं खिदळले.

"बल्ब चांगले होते," मी म्हणाले.

"मोठ्याने बोला की. पत्रक वाटताना आवाज होता तुम्हाला."

"बल्ब चांगले होते!" मी ओरडले. "आमच्या घरी त्यांच्या काचेला तेल लागलं म्हणून गेले. आई पूजा करायची नव्या वस्तूची."

"म्हणजे आता आईवर ढकलताय होय?"

हे वर्मी बसलं. हातातला बल्ब मी खाली ठेवला.

"नाही. आईने नुसतं तेल लावलं. खोटं मी लिहिलं. न विचारता लिहिलं."

कुणी हसलं नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग पायरीवर बसलेल्या दुकानदाराकडे. "बघू," म्हणाले आणि रिक्षाकडे निघून गेले.

दुसरा बल्ब बसवला, वायर जोडली, बॉनेट आपटून बंद केलं.

"बघू म्हणाले," मी दुकानदाराला म्हटलं.

"ऐकलं. उद्या सकाळी परत या. सकाळच्या पाळीचे रिक्षावाले वेगळे असतात."