मूठभर फुटाणे

दसरा झाला की देवगाव फाट्यावर ऊसतोडीचा ट्रक लागतो. चाळीस वर्षं कोकिळाबाई त्या ट्रकात चढली. आधी नवऱ्यासंगं, तो गेल्यावर पोरासंगं. मागल्या साली मात्र मुंजाजीनं आईला घरीच ठेवलं. म्हणाला, "माय, तुह्या तोंडात एक दात न्हाई. तिथं पहाटं थापलेली भाकर दिवसभर वाळती. उसाच्या फडात तुला कोण कुस्करून देईल?" बोलणं खोटं नव्हतं, म्हणून तर जास्तच झोंबलं.

सहा महिने म्हातारी एकटी राहिली. शेजारची बायनाबाई भाकर दुधात कुस्करून आणून द्यायची, पोटाचं भागायचं. पण मुंजाजीची पोरगी अर्पिता, जिला हिनं अंगाखांद्यावर वाढवलं, ती परत आली तर आजीला ओळखेचना! कडेवर घेतलं तसं तिनं भोकाड पसरलं. कोकिळाबाईच्या काळजाला ते लागलं. पुन्हा मागं राहायचं नाही म्हणजे नाही, असं तिनं त्याच दिवशी ठरवलं.

पुढं सेलूला दातांचं शिबिर झालं. हिनं चार खेटे घातले, मापं दिली अन् कवळी मिळवली. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, "आजी, रात्री काढून पाण्यात ठेवायची. मऊ ब्रशनं घासायची. हिरड्यांना मिश्री लावायची नाही. सुरुवातीला मऊच खायचं. आणि कुठं टोचलं तर लगेच या, मी कवळी घासून देते."

मिश्री सोडणं काय असतं ते मिश्री लावणाऱ्यालाच विचारा! लग्नाआधीपासूनची सवय, पण बाईनं डबी उकिरड्यावर फेकली ती फेकलीच. सगळं पाळलं, टोचल्यावर जायचं तेवढं पाळलं नाही. आठ दिवसांत खालच्या हिरडीला जखम झाली. पाणी प्यालं तरी डोळे भरून यायचे. पण सेलूला जावं, तर डॉक्टरीण कवळी ठेवून घेईल, पंधरा दिवसांनी या म्हणेल, तोवर ट्रक निघून जाईल, ही धास्ती. आता हिला कोण सांगणार, ते काम चहा पिऊन होईस्तोवरचं! अहो, विचारायला काय जात होतं? पण माणूस एकदा भ्यालं की विचारत नाही.

ट्रक निघायच्या आदल्या दिवशी टोळीचा मुकादम बन्सीधर घरी आला. ओट्यावर पाच-सहा माणसं बसली. कोकिळाबाई मूठभर फुटाणे घेऊन मुद्दाम त्यांच्यासमोर बसली. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं लोक म्हणतात. हिच्यापाशी त्या दिवशी दोन्ही होतं, अन् तेच तिला नडलं.

एकेक फुटाणा तिनं दाढेखाली घेऊन कडाकडा फोडला. कळ पार मस्तकात जायची, तोंडात रगत खारट लागायचं, अन् वरून ही बया हसायची. "बघ रं मुंजा, कशी खायलेय मी!"

मुंजाजीचं तोंड उजळलं. "लय बेस झालं माय!"

जमलं, असं तिला वाटलं.

मुंजाजी बन्सीधरकडं वळला. "माझा जीव नुसता टांगणीला लागलाता. आमच्या अर्पिताची माय शिवकन्या म्हणायलती, म्हातारीचे एकटीचे लय हाल झाले, या साली कसंबी करून संगं नेऊ. म्हणून तुमाला एक जागा धरून ठेवा म्हणलो होतो. आता काय, फुटाणे खायली! निवांत ऱ्हाईल घरी."

"मंग जागा मोकळी झाली म्हणा की," असं म्हणत बन्सीधरनं तिथंच फोन लावला अन् झरीच्या कुणाला तरी सांगितलं, "सकाळी फाट्यावर या, तुमचं काम झालं."

कवळी काढून हिरडी दाखवावी, असं तिच्या अगदी मनात आलं. पण एवढ्या माणसांत हसत हसत खाल्लं होतं. आता रडलं तर ढोंगी म्हणतील.

"ऱ्हाशील न्हवं माय?" मुंजाजीनं विचारलं. पोरगं खरंच खूश होतं हो, त्याला तरी काय दोष द्यावा!

तिनं तोंडातला घास रगतासकट गिळला. "ऱ्हाईन की. मला काय झालंय?" सगळे तिच्याकडंच बघत होते, म्हणून तिनं पुढचा फुटाणा तोंडात टाकला.