अक्कांची एक मूठ पालेभाजी

सूर्याशी उघड वैर धरलेली एकच व्यक्ती मी पाहिली : आमच्या घरमालकीण अक्का. कोरमंगलातल्या ढगाळ सकाळीही समोरच्या दुकानात जायचं तर त्या काळ्या रंगाची छत्री उघडत. उन्हात गेलं की गालांवर लाल चट्टे उठत आणि सांधे धरत. आजाराचं नाव ल्युपस. यात शरीराचे पहारेकरी घरच्यांनाच चोर समजून बडवतात. अक्का म्हणत, "सूर्यनारायणाला नमस्कार करते, पण आतून. त्यानं आशीर्वाद स्वल्प लांबूनच द्यावा."

त्यांचं मराठी घराणं बंगळुरात तीनशे वर्षं मुरलेलं. मी नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आलेला, वरच्या खोलीतला भाडेकरू. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. 'पुणेकर' एवढं पुरे होतं.

एकदा त्यांची पोटरी सुजली. शिरेत रक्ताची गाठ झाली होती. ल्युपसमध्ये काहींना होते. तपासणीच्या कागदावर मात्र रक्त गोठायला उलट जास्त वेळ लागतो, असं आलेलं. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं : काचेच्या नळीत रक्त सावकाश गोठतं, अंगात मात्र लवकर. अक्कांना नवल वाटलं नाही. "बाहेर एक, घरात एक. आमचे यजमान असेच होते."

रक्त पातळ राखायची गोळी सुरू झाली. त्याच आठवड्यात गल्लीतल्या गणेशोत्सवाचे तहहयात अध्यक्ष समाचाराला आले. ते बसतील तिथे व्यासपीठ तयार होई. "रक्ताचा आजार ना? मग पालेभाजी," असा निकाल देऊन, चहा पिऊन ते गेले. एरवी त्यांच्या भाषणांना मी मागच्या खुर्चीवरून हसायचो. या वेळी मात्र दुसऱ्या दिवसापासून ऑफिसातून येताना रोज पालकाची जुडी आणू लागलो. शेजारणींनी मेथी आणि राजगिरा पोचवला. घरी आलेलं अन्न परत करणं अक्कांच्या रीतीत बसत नव्हतं. त्या सगळं खात राहिल्या.

महिन्याच्या आत पोटरी पुन्हा सुजली. गोळी एकही चुकली नव्हती.

"ही गाठ सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतेल," डॉक्टर म्हणाले. "जेवणात काय बदललं?"

"काही नाही," अक्का म्हणाल्या. शेवटी मीच जुड्यांचं सांगितलं.

"पालेभाजीनं या गोळीचा जोर कमी होतो. बंद करू नका, पण रोज सारख्याच प्रमाणात खा."

चार-सहा दिवसांनी त्यांना इस्पितळातून घरी आणताना ऑटोत मी म्हणालो, "अक्का, माझ्यामुळे झालं हे."

"सरी, सरी, असू दे. अध्यक्षांचं ऐकलंस, तो गुन्हा. भाजी आणलीस, तो नव्हे. उद्यापासून आण, पण माझ्या एका मुठीएवढी."

बंगळुरात भाजीवाली वर चार काड्या फुकट घालते, त्याला कोसरु म्हणतात. तो भांडून घ्यायचा असतो. तो परत करणारा अख्ख्या बाजारात मी एकटाच होतो. भाजीवालीनं माझ्याशी बोलणंच टाकलं. पण गाठ पुन्हा झाली नाही.

मी पुण्याला परत निघालो तेव्हा अक्का छत्री उघडून फाटकापर्यंत आल्या आणि कोडबळ्यांचा, म्हणजे तिकडच्या कडबोळ्यांचा, भला मोठा डबा माझ्या हातात दिला.

"अक्का, एक मूठ पुरे."

"तुला कुठे गोळी चालू आहे?"

अक्का गेल्या त्या पुष्कळ वर्षांनी, म्हातारपणानं. पुण्यातली भाजीवाली अजूनही पिशवीत वर कोथिंबीर टाकते आणि माझा हात ती परत करायला जातो. "का हो, चांगली नाही का?" ती विचारते.

चांगलीच असते.