तीन महिन्यांचं गुपित

एक हात कमरेवर, दुसऱ्यात फिनेलची बाटली, आणि खालच्या आवाजात प्रश्न: "ताई, कितवा महिना?"

खराडीतल्या आमच्या ऑफिसात तिसऱ्या मजल्यावरचं लेडीज टॉयलेट सांभाळणाऱ्या मावशी माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या अशा. मी बेसिनवर ओणवी होते.

"ॲसिडिटी आहे," मी म्हटलं.

"आसंल. ती बी नऊ म्हैन्यांनी बरी हुती."

अशा मावशी तुम्हीही पाहिल्या असतील. आयटीचे ते बहराचे दिवस होते, रोज नवे चेहरे यायचे, आणि कोणत्या चेहऱ्याचं काय बिनसलंय हे मावशींना एचआरच्या आधी कळायचं.

माझं मात्र नवऱ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्षापूर्वी कोथरूडच्या आमच्या अख्ख्या सोसायटीला मी दुसऱ्याच महिन्यात गोड बातमी दिली होती, आणि मग एकेका दारात ती परत घ्यायची वेळ आली होती. म्हणून या खेपेस तीन महिने ब्र काढायचा नाही असं ठरवलं होतं.

"मावशी, कुणाला सांगू नका हं."

"मला काय येड लागलंय?"

डॉक्टरीणबाईंनी फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि तारखा दिल्या; बाकी सगळं मावशींनी शिकवलं. उठायच्या आधी अंथरुणातच कोरडी खारी खायची. कॉफीच्या मशीनपाशी श्वास रोखायचा. जेवणाच्या सुट्टीत डोळा लागला तर लाजायचं नाही. मीटिंगमधून मी तोंड दाबत आले, की त्या आतल्या घोळक्यावर ओरडायच्या, "चला, फरशी पुसायचीय!" दोन मिनिटांत मैदान मोकळं. आमच्या टीम लीडना ही शिस्त कधी जमली नाही.

एकदा मी उगाचच रडत बसले. त्या शेजारी उभ्या राहिल्या. "हे दिसच असं आस्त्यात. येतंय तर येऊ द्या रडू." मला तेव्हा आईपेक्षाही त्या जवळच्या वाटल्या.

आठव्या आठवड्यात एका दुपारी रक्ताचा डाग दिसला. अर्ध्या तासावर क्लायंटचा डेमो होता. "डेमो उरकते, मग जाते," मी मावशींना म्हटलं. खरं तर मला दवाखान्यात जायचंच नव्हतं. मागच्या वेळीही सुरुवात अशीच झाली होती.

मावशींनी बाटली खाली ठेवली आणि माझा हात धरून त्या ओल्या चपलांनी थेट टीम लीडच्या टेबलाशी गेल्या. "सायेब, ह्या ताईला दिस गेल्यात. रगत दिसतंय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या." अख्खा मजला वळून पाहत होता.

टीम लीडनी स्वतः गाडी काढली. सोनोग्राफीच्या पडद्यावर ठोका दिसला, इवलासा, भराभर चाललेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असा डाग काहींना दिसतो. पण दिसला की लगेच यायचं." त्यांनी पंधरा दिवसांची सुट्टी लिहून दिली.

मी मावशींचे आभार मानायला हवे होते. पण दुसऱ्याच दिवशी अभिनंदनाचे फोन सुरू झाले, आणि प्रत्येक फोनला मागची सगळी दारं आठवून माझा जीव घाबरा व्हायचा. पडल्या पडल्या मी ॲडमिनला दोन ओळींची ईमेल केली: हाउसकीपिंगच्या बाईंनी माझी खाजगी गोष्ट चारचौघांत बोलून दाखवली, कृपया त्यांना समज द्यावी. इंग्रजी अगदी सभ्य होतं.

परत आले तर बेसिनपाशी दुसऱ्याच बाई. "त्यांना काढलं," त्या म्हणाल्या. "तक्रार आली हुती म्हणं."

मी ॲडमिनकडे धावले, तक्रार मागे घेते म्हणाले. "मॅडम, ती कंत्राटदाराची माणसं," उत्तर आलं. "आमच्याकडे पत्ते नसतात." त्या हडपसरहून येत एवढंच मला ठाऊक होतं, आणि हडपसर काही चार घरांचं नाही.

मुलगी झाली. बारशाला तिसऱ्या मजल्यावरचे सगळे आले. त्या दिवशी गाडी काढली म्हणून जो तो टीम लीडचं कौतुक करत होता, आणि ते लाजून हसत होते. मी पाळण्याची दोरी ओढत होते. आधी कुणाचं नाव घ्यायला हवं हे मला पक्कं माहीत होतं. पण ते नाव मी कधी विचारलंच नव्हतं.