आप्पांनी पास केलेली चाकं

कारखान्यात आमच्या आप्पांना सगळे 'कानवाले' म्हणतात. पोलाद घासायची दगडी चाकं यंत्रावर चढण्याआधी त्यांच्याकडे येतात. मधल्या भोकात बोट घालून चाक लटकवायचं आणि हातोडीच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकायचं. खणखणीत वाजलं तर चांगलं. बद्द वाजलं तर आत तडा आहे, कारण ठोक्याची थरथर तड्यापाशी अडते आणि आधी बारीक, उंच आवाज मरतो. तसलं चाक वेगात फुटलं, तर समोरच्याचं काही खरं नाही. तीस वर्षं आप्पांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्या दिवशी सकाळी मी त्यांच्या शेजारी बसून यादी लिहीत होते. आप्पांनी एक चाक ठोकलं आणि "चांगलं आहे" म्हणाले. मला तर ते फुटक्या मडक्यासारखं वाजलं.

"आप्पा, परत ठोका बघू."

परत बद्द. ते म्हणाले, "चांगलंच आहे की."

मीही काही कमी नाही. त्यांचा हातच धरला. "खरं सांगा, ऐकू येतं का तुम्हाला?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "वय झालं की बारीक आवाज आधी जातात गं. मला सगळीच चाकं बद्द वाजायला लागली. मग बोटाला थरथर लागली की पास करायचो. दोन वर्षं झाली."

मी मान वळवली. पलीकडे आप्पांनीच पास केलेली आठ चाकं यंत्रांवर फिरत होती आणि तिसऱ्यासमोर माझा दादा वाकून उभा होता.

"त्यातली धड कुठली?"

"मला नाही माहीत." त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला भयंकर राग आला होता, पण भीती त्याहून मोठी होती.

मी काही बोलायच्या आत आप्पा उठले, भिंतीपाशी गेले आणि मेन स्विच खाली ओढला.

"सगळे बाजूला व्हा. चाकांसमोर कुणी थांबू नका. मला नीट ऐकू येत नाही. मी पास केलेलं एकही चाक वापरू नका."

दादा मागे सरकून भिंतीला टेकला. पण वीज गेली तरी चाकं लगेच थांबत नाहीत. त्यांची बारीक शीळ एकेक करून विझत होती. तिसऱ्याची मात्र अजून येत होती.

आप्पांनी डोळे मिटून माझा दंड घट्ट धरला.

"थांबली का गं सगळी?"

"अजून नाही, आप्पा."