सुकलालच्या माथी मारलेला बोल्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला तर नाहीच. तुम्ही माझे कोण? कुणी नाही – म्हणून तर तुमच्यापुढे तोंड उघडतंय. माझ्यासारख्याला याहून जास्त हिंमत कुठून असणार?

वडिलांची जुनी मोटारसायकल होती, जवळजवळ माझ्याच वयाची. पुढचा ब्रेक असून नसल्यासारखा, आणि खड्ड्यात शॉकअप असे आपटायचे की दात वाजायचे. ब्राह्मणपुरीत आमची केळी, ऊस, चार माणसांत नाव – आणि गाडी ही असली? मी ती तळोद्याला सुकलाल मिस्त्रीकडे टाकली. डोंगरातून खाली आलेला, पत्र्याच्या टपरीत काम करणारा माणूस. त्याने एका नव्या गाडीचे जाड शॉकअप आणि डिस्क ब्रेक आणले, जोडाला लागणारे बुश, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्या, लेथवर उभं राहून घडवून घेतले आणि जुन्या सांगाड्यात सगळं नेमकं बसवलं. ब्रेकचा कॅलिपर – डिस्कला पकडणारा जबडा – दोन बोल्टांवर धरलेला असतो. त्या बोल्टांवरून कॅलिपरपर्यंत त्याने पिवळ्या रंगाची रेघ ओढली; बोल्ट जरा फिरला की रेघ तुटलेली दिसावी.

"दादा, ह्या बोल्टस्ले हात लावू नका," तो म्हणाला. "ढिला व्हयनात तर रेघच सांगी."

मला राग आला. हा मला शिकवणार?

ती रेघ मला भिकार दिसायची. एका रविवारी मी दोन्ही बोल्ट काढले, कॅलिपर आणि बोल्टांची डोकी काळी रंगवली, सगळं पुन्हा बसवलं. बोल्ट कसले का? एक कसला. दुसरा हाताने फिरवला – आणि जेवायला हाक आली म्हणून उठलो. विसरलो, असं म्हणता आलं असतं. पण आठवड्याने आठवलं होतं. पाना आणायचा कंटाळा केला.

होळीला बहिणीचे यजमान, हेमंतराव, तीच गाडी घेऊन डोंगरातल्या काठी गावची होळी पाहायला निघाले. मोलगीच्या घाटात बोल्ट गळला, कॅलिपर फिरून चाकात अडकला, पुढचं चाक जागीच जाम झालं. गुडघ्याचा चुरा झाला त्यांच्या.

दवाखान्यात मला कुणी काही विचारलंसुद्धा नव्हतं. मीच म्हणालो – त्या सुकलालने बोल्ट कसला नाही. किती सहज! जीभ अडखळलीही नाही.

दोन दिवसांनी आम्ही पाच जण गाडी टेम्पोत घालून त्याच्या टपरीवर गेलो. तो चाकाशी उकिडवा बसला. उरलेला बोल्ट काळा होता. त्याने नखाने रंग खरवडला, खालून पिवळी रेघ निघाली, जागेवरून सरकलेली. मग मान वर करून त्याने पाहिलं – पाचांकडे नाही, फक्त माझ्याकडे. कळलं होतं त्याला. तेवढ्यात माझ्या चुलत्यांनी त्याची कॉलर धरली.

"बोल ना!"

"मन्हीच चूक शे," सुकलाल म्हणाला.

का म्हणाला? पाच बागायतदार दारात उभे असताना त्याने दुसरं काय म्हणायचं होतं? आणि मला काय वाटलं, तेही ऐका. आधी सुटल्यासारखं वाटलं. मग त्याची किळस आली – कसला हा मिंधा माणूस! स्वतःची नाही, त्याची. पुढे महिनाभर मी पारावर सांगत होतो, डोंगरातल्या माणसाच्या हाती यंत्र देऊ नये. लोक माना डोलवायचे. शहाद्याची, तळोद्याची गिऱ्हाइकं तुटली. वर्षाच्या आत टपरी बंद झाली आणि ज्या हातांनी लेथवरचे बुश पारखून घेतले होते, ते हात सुरतेकडे मजुरीला गेले.

मागच्या वर्षी तो मला तळोद्यात जीपच्या थांब्यावर भेटला. केस पांढरे झाले होते. त्यानेच हाक मारली.

"राम राम, दादा. पाव्हनास्ना पाय कसा शे आते?"

आसपास कुणी नसतं तर – नाही, तरीही काही बोललो नसतो. पण सोबत गावचा एक माणूस होता. म्हणून मी जरा मोठ्यानेच म्हणालो, "तुझ्या कृपेने लंगडतात अजून."

सुकलालने मान खाली घातली आणि तो जीपमध्ये जाऊन बसला.

मी घरी आलो. भूक लागली होती. पोटभर जेवलो.