दाराशी बसणारा श्रोता

निजामाच्या अमलात परंड्यात आम्ही काही हौशी लेखक शुक्रवारी जमायचो, एकमेकांच्या गोष्टी ऐकून चुका काढायचो. आमच्यावर नजर ठेवायला पोलिसांनी एक माणूस धाडला होता. त्याचं नाव विचारायची कुणाची छाती झाली नाही. तो दाराशी सुपारी कातरत, डोळे मिटून ऐकायचा.

एकदा माझी गोष्ट अर्धीच वाचून झाली. दुसऱ्या दिवशी त्यानं मला बाजारात गाठलं.

तो हळूच म्हणाला, "गोष्टीची रपट म्या दिली. पण ठाण्याचे मोठे अमीनसाहेब विचारायलेत, त्यातल्या पोरीचं पुढं काय झालं?"

"अजून लिहिलं न्हाय."

"मग लवकर लिवा. साहेबांपुढं मला उभं ऱ्हावं लागतंय."

माझ्या गोष्टीसाठी कुणीतरी खोळंबलंय, हे मला पहिल्यांदाच कळलं. बाजार तसाच टाकून मी घरी लिहायला पळालो.